उधाणाची सूज

पंढरीला घरी आणलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मुंबईहून आलेला टेम्पो फाट्यावर थांबला. पुढं चाकाची वाट नव्हती. मग शिवरामनं आणि गावच्या तिघांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवलं, खुर्ची खांद्यांवर घेतली आणि खाडीच्या बांधावरून गावाकडं निघाले. मागून गोजरा, काखेत कपड्यांचं गाठोडं आणि हातात औषधांची पिशवी. चौघांच्या खांद्यांवरून जाणारं माणूस गावानं आजवर आडवंच पाहिलं होतं. हा बसून येत होता. ओट्यांवरच्या बायांतल्या एकीनं बोलता बोलता पदर तोंडाला लावला.

दारात त्याची आई, बयाबाई, भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिनं ओवाळायच्या आधी लेकाच्या गालाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"आंग थंड हाय याचं," ती गोजराला म्हणाली. लेक समोर नसल्यासारखी.

"आये, मीच हाय," पंढरी म्हणाला. आवाज फार आतून आला. म्हातारीनं तुकडा ओवाळला आणि उकिरड्याकडं फेकला; पण त्याच्या तोंडाकडं काही तिनं पाहिलं नाही.

तिच्या मनात काय होतं ते गोजराला ठाऊक होतं. सगळ्या गावाच्याच मनात ते होतं.

गाव खाडीला लागून. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातखाचरं आणि मध्ये तो बांध. खारं पाणी बाहेर ठेवायचं तर बांध धडधाकट लागे, म्हणून पावसाळा सरला की घरटी एक माणूस बांधावर जाई. चिखलाची ढेकळं हातोहात पुढं सरकत, बायका भाकऱ्या पोचवत, आणि पंढरी सगळ्यांच्या पुढं, गुडघाभर चिखलात उभा राहून कुठं भर घालायची ते सांगे. मिठागरावरचा माणूस, पण बांधाची नाडी त्याच्याइतकी कुणाला कळत नसे. पुढं जमिनी शहरासाठी घेतल्या जाणार असं ठरलं, नोटिसा आल्या, नेरूळच्या बाजूला मातीचे ढिगारे आणि इमारतींचे सांगाडे दिसू लागले. मग बांधावर कोण जाणार? शेत आता सरकारचं, पाणी शिरलं तर सरकारच्या शेतात शिरंल, असं म्हणून लोक हसले.

आश्विनातल्या अवसेला भरदुपारच्या उधाणात उघाडीजवळ, पाणी सोडायच्या दारापाशी, बांध फुटून खांड पडली. पंढरीनं बांधावरून हाका मारल्या. सगळ्यांनी ऐकल्या. कुणी गेलं नाही. तो एकटाच ढेकळं टाकत राहिला, आणि ओहोटी लागल्यावर लोक पाहायला गेले तेव्हा तो खांडीत छातीपर्यंत चिखलात रुतलेला, मान टाकून पडलेला. तोंडातून खाडीचं पाणी गळत होतं. श्वास नव्हता असं शिवराम म्हणतो. होता असं गोजरा म्हणते. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की याचं हृदय आधीपासूनच दमलेलं होतं, त्या दिवशी त्यानं हात टेकले. आता ते पुरतं सुधारायचं नाही. सांभाळलं तर मात्र चालेल.

सांभाळायचं म्हणजे काय ते गोजरानं तिथंच शिकून घेतलं. पाठीला उंच टेकू हवा, आडवं निजवायचं नाही. सकाळी नाडी बघून छोटी गोळी, मग लघवीची पांढरी गोळी. पाणी मोजून, दिवसाला दोन तांबे. आणि मीठ नाही. चिमूटभरही नाही. पापड नाही, लोणचं नाही, सुकी मासळी तर डोळ्यांनीसुद्धा बघायची नाही. मिठात जन्म गेलेल्या माणसाला ते सांगताना डॉक्टरही जरासे हसले होते.

पहिल्या संध्याकाळी तिनं भाताची दोन भांडी चढवली. एकात मीठ घातलं, एकात नाही. चुलीपाशी बसलेल्या बयाबाईनं ते पाहिलं. त्या घरात अळणी भात एकदाच शिजला होता, पंढरीच्या बापाच्या दिवसाला, आणि तो कुणी माणसानं खायचा नव्हता. म्हातारी उठली, आपलं ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिनं लेकाच्या पंगतीला बसून घास घेतला नाही.

सकाळी छपरावर कावळे होते. गोजरानं हाकलले. भांडी घासताना ते खाली उतरले, आणि पंढरीच्या ताटातली उरलेली शितं वेचून गेले. शेजारची बाई कुडापलीकडून बघत होती. दुपारपर्यंत ते पाणवठ्यावर पोचलं.

पंढरी तुसाच्या पोत्यांना टेकून कोपऱ्यात बसे. दिवसा बसे, रात्रीही बसे. दार उघडं असलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला अंधारात ताठ बसलेलं एक माणूस दिसे, हलत नसलेलं, डोळे उघडे. पोरांनी त्या वाटेनं जाणं सोडलं. त्याची नखं निळसर होती, ओठ जांभळे. बोलायचा थोडंच, आणि बोलायचा ते ऐकवायचं नाही.

"छातीत पानी हालतंय," एकदा तो गोजराला म्हणाला. "भरती लागली का बघ."

तिनं दारातून पाहिलं. खाडी भरायला लागली होती.

आरोग्य केंद्राची नर्स, भिमाबाई, आठवड्यातून एकदा येई. मराठवाड्याकडची, पस्तिशीची, काळीसावळी, झपझप चालणारी बाई. फाट्यापासून बांधावरून चालत येई, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. ती ओट्याच्या कडेला बसे. आत ये असं तिला कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून पंढरीलाच धरून ओट्यावर आणावं लागे. ती कोणत्या समाजाची ते पहिल्याच दिवशी गावानं विचारून घेतलं होतं. आल्यागेल्याला पाणी देणारं ते गाव. रस्ता चुकलेल्या ट्रकवाल्यालाही गूळपाणी मिळे. भिमाबाईला कुणी तांब्या दाखवला नाही. तिनंही कधी मागितला नाही. निघताना बांधावर जाऊन, गावाकडं पाठ करून, ती आपल्या बाटलीतलं पाणी पिई.

ती गोजराला नाडी धरायला शिकवी. मिठाच्या टोपल्या मोजतात तशी मोजा, मध्ये बोलू नका, असं सांगे. पायाच्या नडगीवर अंगठा दाबून दाखवी. खड्डा पडला आणि राहिला, तर अंगात पाणी साचलंय.

पहिल्या भेटीत खड्डा पडला नाही. दुसऱ्या भेटीला, पौर्णिमा होऊन गेली होती, अंगठ्याचं पेर आत गेलं. भिमाबाईनं वर पाहिलं.

"मीठ दिलंय ह्याला कुणी तरी."

गोजरानं शपथ घेतली. भिमाबाईनं गोळी वाढवली आणि पुन्हा तेच बजावलं. त्यापुढच्या खेपेला पाय उतरले होते. ती खूश झाली. ऐकलं म्हणायचं, असं म्हणाली. गोजरा मात्र मनातून चरकली, कारण तिनं वेगळं काहीच केलं नव्हतं. मग अवस आली आणि पाय पुन्हा केळीच्या खुंटासारखे झाले. श्वास घेताना गळ्याच्या शिरा ताठ होऊ लागल्या.

खाडीकाठच्या बाईला ते कुणी समजावून सांगायला नको होतं. अष्टमीच्या आगेमागे पाण्याला जोर नसतो, त्याला तिकडं भांग म्हणतात, अवस-पुनवेला उधाण. भांगाच्या दिवसांत पंढरी बरा असे, दोन शब्द बोले, ओट्यावर येऊन बसे. उधाण आलं की फुगे. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा शिवराम ओट्यावर बसून नव्या मनगटी घड्याळाला चावी देत हसून म्हणाला, "वयनी, तुजा घरवाला भरतीचं घड्याल झाला बग. आमी आता पंचांग बगायचं सोरलं."

तो पंढरीचा चुलतभाऊ. जमिनीचे पैसे त्याला आले होते आणि कळंबोलीला ट्रकांच्या अड्ड्यावर त्याचं येणंजाणं होतं. हसणं विरल्यावर तो जरा खाली वाकला आणि दबक्या आवाजात त्यानं जे सांगितलं ते गोजरानं आधीही कानोकानी ऐकलं होतं. पंढरी त्या दिवशी खांडीतच गेला. खाडीनं त्याला माघारी धाडलाय तो उसना. उधाण येतं ते आपलं माणूस बघायला येतं. "म्हातारीला पन ठावं हाय. तुजपुरतंच झाकून ठेवलंय सगल्यांनी."

गोजरानं त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. तो अर्धा भरलेला होता.

पण त्या दिवसापासून तीही बघू लागली, आणि बघायला लागलं की दिसतंच. चुलीवर डाळ तासन्‌तास उकळे आणि शिजत नसे. दाणा दाताखाली कच्चाच. मोरीच्या तोंडाशी दुधीचा वेल होता, पंढरीच्या आंघोळीचं पाणी तिकडं जाई. तो वेल कडेकडेनं करपत गेला, पानं कागदासारखी झाली. कपड्यांना साबणाचा फेस येईना. आणि एका दुपारी, सारवलेली जमीन वाळून टणक झालेली असताना, तिला पावलं दिसली.

मोरीपासून कोपऱ्यातल्या पोत्यांपर्यंत. पांढरी. रांगोळीची चिमूट सांडून वर कुणी हलकं चालावं तशी टाच, चवडा, पाच बोटं. पंढरी मघाशी पाय धुऊन त्याच वाटेनं गेला होता. ती खाली बसली आणि बोटाचं टोक लावून जिभेवर ठेवलं.

मीठ होतं.

मागं बयाबाई उभी होती. "मी तवाच बोल्ली," ती म्हणाली. "आंगातून खाडी वाहते त्याच्या."

कोपऱ्यातून पंढरी दोघींकडं बघत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आये बरोबर बोलते," तो शांतपणे म्हणाला. "मना पन तसंच वाटतं. तिकरं थंडगार होतं, मग हितं आलू. मधलं काय आठवत नाय."

गोजरानं ओल्या फडक्यानं पावलं पुसली. पुसलेली जागा वाळली तेव्हा तिथं पांढरा ढग उमटला, पहिल्यापेक्षा मोठा.

म्हातारीनं एक कोंबडा बाजूला बांधून ठेवला. फाल्गुनातल्या अवसेला भरती माथ्यावर असताना पंढरीला खांडीवर न्यायचं, खाडीला मान द्यायचा आणि तिला विचारायचं, ठेवतेस की नेतेस. शिवराम आणि आणखी काही जण उचलायला तयार होते. गोजरा नाही म्हणाली. त्याला तेवढं बांधावरून हिंदकळत नेलं तर तो तिथंच संपेल, हे तिला दिसत होतं. म्हातारी म्हणाली, नाहीतर इथं संपेल. त्यावर गोजरा चुलीकडं वळली. तिला एवढंच वाटे की याच्यात ताकद आली पाहिजे. म्हणून ती पेज करी, पातळ, ऊन, तांब्यावर तांब्या. पाणी मोजून द्यायचं होतं. ते ती मोजूनच देई. पेज म्हणजे अन्न. अन्न कोण मोजतं? आणि पेज पिऊन तो जास्तच फुगे.

पौर्णिमेनंतर भिमाबाई आली ती दुपारच्या उन्हात. वाटेत बांध ढासळलेला, म्हणून खाचरांतून वळसा घालून यावं लागलं होतं. तिनं पंढरीची नडगी दाबली. खड्डा पडला आणि त्यात अंधार साचल्यासारखा तो तसाच राहिला. तिनं नळी छातीला लावली, पाठीला लावली, आणि ती काढून पिशवीत कोंबली. रागानं की थकव्यानं, कळलं नाही.

"गोजराबाई, मी काही पोलीस नाही. पण तुम्ही मला फसवायलात की स्वतःला, ते तरी सांगा. ह्याच्या छातीत निम्म्यापर्यंत पाणी हाय. पुढच्या अवसेपर्यंत असंच राहिलं तर मला बोलवू नका, उपेग नाही."

गोजरानं चुलीपाशी जाऊन अळणी भाताचं भांडं आणलं, पेजेचं आणलं, मिठाचा सट आणून त्याचं फडक्यानं बांधलेलं तोंड दाखवलं आणि ओट्यावर मांडून ठेवलं सगळं. मी देत नाही, म्हणाली, माझ्या हातानं देत नाही, मग खाडी देत असेल. आणि तिनं उधाणाचं सांगितलं, डाळीचं, वेलाचं, पावलांचं सांगितलं. गावात कुणी बाहेरच्याला सांगितलं नसतं ते सगळं.

भिमाबाई ऐकत होती आणि ऐकता ऐकता खांबाला टेकली. चेहरा राखेसारखा झाला होता. पिशवीत बाटली चाचपली. बाटली रिकामी होती. तिनं ती परत ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

गोजरानं आत पाहिलं. माठाशेजारी पितळी पेला होता. बयाबाई दाराआडून खाकरली. ते खाकरणं काय म्हणत होतं ते तिघींनाही कळलं. गोजरानं पेला भरला, बाहेर आणला आणि भिमाबाईच्या हातात दिला. वरून ओतला नाही, खाली ठेवला नाही, हातात दिला.

भिमाबाईनं पेल्याकडं थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग मोठा घोट घेतला. तो तिनं तोंडातच धरला, गाल फुगलेले, डोळे गोजराच्या डोळ्यांत, आणि वळून अंगणात थुंकून टाकला.

गोजराच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या दिवसांचं उट्टं बाईनं आत्ता काढलं, असं तिला वाटलं.

"हे पाणी पिता तुम्ही?" भिमाबाईनं विचारलं. आवाजात उट्टं नव्हतं. भीती होती.

"आमच्या हिरीचं हाय. मचूलच आसतं. पयल्यापासून."

"मचूळ न्हवं बाई, हे मीठ हाय. सरळ मीठ हाय." तिनं पेजेचं भांडं पुढं ओढलं. "ही ह्याच्यातच शिजवता? भात पण? किती देता दिवसाला?"

गोजराची नजर विहिरीकडं गेली, विहिरीवरून खाचरांकडं, खाचरांत चमकणाऱ्या पाण्यावरून खांडीकडं. उधाण आलं की खांडीतून पाणी आत. आत आलं की खाचरात उभं. खाचर आणि विहीर यांच्यामध्ये होती ती नुसती माती. भांगात जरा निवळलं तरी पाणी दर उधाणाला थोडं थोडं खारं होत गेलं आणि मिठागरावरच्या जिभांना ते कळलं नाही. डाळीला कळलं, वेलाला कळलं. पावलं तर सगळ्यांचीच उमटत असणार. घरातली सगळीच माणसं त्याच पाण्यानं पाय धुवत होती. पण बघत होते सगळे एकाच्याच पावलांकडं.

"इतके दिवस येतात तुमी," गोजरा अखेर म्हणाली, "कदी मागितलं नाय पानी."

"तुम्ही दिलं नाही," भिमाबाई म्हणाली.

मग भिमाबाईनं पिशवी उचलली आणि सांगितलं की गोडं पाणी कुठूनही आणायचं, पेज बंद, आणि गोळ्या अशा अशा द्यायच्या. ती गेल्यावर बयाबाईनं पेला चिमटीत धरून राखेच्या ढिगात पालथा घातला. गोजरानं तो उचलून घासला आणि माठावर ठेवला. म्हातारी पुन्हा काढायला आली नाही, पण पाणीही त्या पेल्यानं प्यायली नाही.

गोडं पाणी नेरूळच्या बांधकामावर होतं. तिथं रखवालदाराच्या झोपडीशी एक नळ होता. गोजरा तांबडं फुटायला निघे, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि ऊन चढायच्या आत परते. इमारतींच्या सांगाड्यांतून वारा शिट्ट्या घाली. अजून एकाही खिडकीला काच नव्हती. रखवालदार आधी गुरगुरला, मग तिनं नवऱ्याचं सांगितल्यावर नुसता नळाकडं हात करू लागला. मानेची शीर आखडली. टाळूवर चुंबळीच्या जागी केस झिजले.

गावाला तिनं सांगितलं. कुणाला पटलं नाही. आम्हीही तेच पितो, आम्ही कुठं फुगलो, असं शिवराम म्हणाला. पंढरीलाही पटलं नाही. "तू कनाला यवढी चालतंस," तो म्हणे. "मी हितला नाय आता." पण पाणी पी म्हटलं की पिई. पहिल्या दिवशी घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं होतं. पाण्याला चवच नाही, म्हणाला.

अष्टमी झाली. पाय उतरले; पण ते तर भांगात उतरतच. गोजराच्या मनाला काही धीर येईना. खरी परीक्षा फाल्गुनातल्या अवसेला होती, म्हातारीचा कोंबडा जिच्यासाठी बांधलेला होता, आणि ती अवस येत होती. खांड तशीच होती, पाणी तसंच येणार होतं. भिमाबाईचं म्हणणं खरं की म्हातारीचं, ते त्या दुपारी कळणार होतं, आणि म्हातारीचं खरं ठरलं तर पुन्हा काही करायला उरणार नव्हतं.

अवसेला ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. नळाला पाणी उशिरा आलं. रखवालदाराच्या बायकोनं हंडा उचलून द्यायला हात लावला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बांधावर येते तोच तिला ते ऐकू आलं.

आधी एकीचा आवाज, मग अनेकींचा. लांबवून, उतरत जाणारा. गावात रडणं कुणाच्या घरचं आहे ते दिशेवरून कळतं. तिला दिशा बघावी लागली नाही.

हंडा टाकून पळावं असं तिच्या मनात आलं नाही. ती चालत राहिली, तेवढ्याच चालीनं, पाणी न सांडता. डाव्या हाताला खाडी भरत आली होती, करडी, जाड, आवाज न करणारी. अंगणात सगळं गाव होतं. बांधाच्या कामाला कधी जमलं नव्हतं तेवढं. शिवराम दारापाशी उभा होता, खांद्यावर दोन हिरवे बांबू. ताजे नव्हते, तोडून दोन-चार दिवस झालेले दिसत होते.

लोकांनी वाट दिली. बयाबाई उंबऱ्याच्या आत बसून छाती बडवत होती. बांध कोण सांभाळील रं माज्या लेका, म्हणत होती. परत आल्यापासून पहिल्यांदा ती त्याला लेक म्हणत होती. कोपऱ्यात पोती घसरून पडली होती आणि पंढरी जमिनीवर उताणा होता. सरळ, हात अंगाशी, पाय जुळलेले, डोळे मिटलेले. इतक्या महिन्यांत तो आडवा झालेला कुणी पाहिला नव्हता. आडवा झाला की त्याचा श्वास कोंडे, म्हणून तो बसे. आडवा झाला, म्हणजे कशामुळं, हे सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. आणि हात लावून बघायला कुणी धजलं नव्हतं.

गोजरानं हंडा उतरवला. ती त्याच्याजवळ बसली. ओल्या चुंबळीतून थेंब ओघळून त्याच्या कपाळावर पडला.

पापणी हलली.

तिनं त्याचा हात हातात घेतला. गरम होता. अवस असूनही पाय फुगलेले नव्हते. पोट वर-खाली होत होतं, संथ, निजलेल्या माणसासारखं. तिनं कानाशी तोंड नेलं.

"जागं हाव काय?"

"हाय," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मग डोलं उघडा ना."

"पहाटं झोप लागली. लय दिसांनी. उठलू तं ह्यो सगला गाव रडतं. आय रडतं." त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं. "मना वाटलं, आता खरंच मेलू."

"नाय मेलात," गोजरा म्हणाली.

"तुला बरोबर ठावं हाय?"

"हाय."

मग त्यानं डोळे उघडले. रडणं एकदम थांबलं नाही; मागच्यांना दिसत नव्हतं, त्या रडतच राहिल्या, आणि पुढच्या बाया गप्प होत मागं सरकल्या तसतसं ते अंगणाच्या कडेला जाऊन विझलं. पंढरी कोपरावर उठला. गोजरानं पाठीला हात दिला. बयाबाई तोंड उघडं ठेवून बघत होती. तिनं हात पुढं केला, लेकाच्या गालाला लावला, आणि या वेळी तो तिथंच राहिला.

बाहेर भरती माथ्यावर आली होती. पंढरीनं एक लांब श्वास घेतला, सगळ्यांच्या देखत, आणि सोडला.

शिवराम अजून दारात उभा होता. खांद्यावरचे बांबू त्याला जड झाले होते. तिरडीच्या ताटीचे बांबू एकदा अंगणात आले की परत घरी न्यायचे नसतात, आणि इथं टाकावेत तर जितं माणूस समोर बसलेलं. तो एकदा म्हाताऱ्या माणसांकडं बघे, एकदा बांबूंकडं. कुणाला तोड सुचेना. मागून कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

"शिवराम," पंढरी म्हणाला. "कवा तोरलंस रं?"

शिवरामचे कान तांबडे झाले. "दादा... परवा."

"बरं केलंस." पंढरीनं दाराबाहेर पाहिलं, भरल्या खाडीकडं. "खांडीवर ने. पानी उतरलं का दोनी बाजूंना ठोक. मधी गवात आन ढेकलं. बांबू आसलं का चिखल धरतो." मग जमलेल्यांवर नजर फिरवून, जुन्या सवयीनं, तो म्हणाला, "तुमी सगलं आलाव तं खरं."

आधी कुणी हललं नाही. मग एकानं फावडं आणायला घर गाठलं, दुसऱ्यानं घमेलं. शिवरामनं बांबू खांद्यावर सावरले आणि तो पुढं झाला, मागं बाकीचे. बांधावर त्यांची रांग लागली. पुढं हिरवे बांबू, मागं मान खाली घातलेली माणसं, आणि सगळ्यांच्या मागं सवयीनंच चार बाया, पदर अजून डोक्यावरून ओढलेले.

पंढरी गोजराच्या आधारानं उंबऱ्यात येऊन बसला होता. ती रांग लहान लहान होत खांडीकडं जाताना तो बघत राहिला. ऊन पाण्यावर इतकं तापलं होतं की माणसांना पाय नसल्यासारखे दिसत होते.

"माजीच मयत निंगाली," तो म्हणाला.

गोजरानं त्याच्या दंडाची पकड सोडली नाही. शेवटची बाई वळणाआड जाईपर्यंत दोघं तसेच बसले होते. मग तो तिच्याकडं वळला आणि घरात काही खायला आहे का, असं त्यानं विचारलं.